थुंकीची डबी आणि पोटाचा हिशेब

क्षयरोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, औषधेही फुकट मिळतात. मग परप्रांतातून आलेला मजूर ती का करून घेत नाही, असा प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारला जातो. विचारणारा बहुधा पांढरपेशा असतो आणि त्याच्याजवळ उत्तरही तयार असते: अज्ञान. हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यामुळे दोष रोग्याच्या पदरात पडतो आणि बाकी सारे मोकळे होतात. मला ते मान्य नाही. का मान्य नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

मी कन्हानचा. नदीच्या अलीकडे कामठी, पलीकडे कन्हान. या नदीचे पाणी नागपूर शहर पिते. आमच्याकडे कोळशाच्या खाणी आहेत, कारखाने आहेत आणि दिवाळीनंतर पेटणाऱ्या विटाभट्ट्या आहेत. खाणी-कारखान्यांतील कायम कामगारांची वस्ती जुनी. त्यात आमचा बौद्ध समाज मोठा. भट्ट्यांवर मात्र छत्तीसगड, मध्य प्रदेश, ओडिशातून कुटुंबेच्या कुटुंबे येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत जातात. छत्तीसगडहून येणाऱ्यांत सतनामी पुष्कळ आहेत. म्हणजे जातीच्या उतरंडीत आपलेच भाऊबंद. त्यांच्या झोपड्यांपुढे डिसेंबरात गुरू घासीदासांच्या जयंतीला पांढरे निशाण चढते, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे.

माझी नोकरी शाळेत गेली. निवृत्तीनंतर आरोग्य तपासणीच्या शिबिरांत नावे लिहून घेण्याचे काम मी अधूनमधून करतो. गेल्या एका हिवाळ्यात एका भट्टीवर असे शिबिर होते. खोकला असणाऱ्यांना थुंकीसाठी डब्या वाटल्या. एक नमुना तिथल्या तिथे द्यायचा, दुसरा सकाळी उठल्याबरोबर. दुसऱ्या दिवशी आम्ही डब्या गोळा करायला गेलो तेव्हा निम्म्याहून कमी परत आल्या. एका डबीत मीठ भरून ठेवले होते. मी त्या बाईला म्हटले, "बाई, पैसे लागत नाहीत. मग डबी का दिली नाही?" ती विटा पाडता पाडता, मान वर न करता म्हणाली, "जाँच करवाबो त बूता कोन करही, गुरुजी?" तपासणी केली तर काम कोण करील?

त्या एका वाक्यात या विषयाचे सारे अर्थशास्त्र आहे. पण आधी तपासणी म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. तो हवेतून पसरतो. ताटवाटीतून नाही, शिवण्याने नाही, आनुवंशिकतेने नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त ही लक्षणे. थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आता जंतूचा जनुकीय अंश शोधणारी यंत्रेही आली आहेत आणि ती काही तासांत निदान सांगतात. छातीचा एक्स-रे काढतात. साध्या क्षयाचे औषध सहा महिने चालते. ते सुरू झाले की काही आठवड्यांत रोग्याकडून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता फार कमी होते. म्हणजे जो लवकर तपासतो तो स्वतः वाचतो आणि आपल्या झोपडीतील पाच माणसांना वाचवतो. विज्ञानाच्या बाजूने हिशेब इतका सरळ आहे.

तरीही माणसे येत नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयरोगाची पाहणी झाली. ज्यांना लक्षणे होती त्यांपैकी ६४ टक्के लोक कोणत्याही दवाखान्यात गेलेच नव्हते. का गेले नाहीत, असे विचारले तेव्हा ६८ टक्क्यांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केले, अशी नोंद झाली. परवडत नाही म्हणून गेलो नाही, असे सांगणारे केवळ दोन टक्के. हे आकडे वाचून कोणीही म्हणेल: पाहा, गरिबीचा प्रश्नच नाही, बेपर्वाई आहे! पण 'दुर्लक्ष' हा शब्द कोणाचा? तो प्रश्नावलीतल्या चौकोनाचा शब्द आहे. बूता कोन करही, असे म्हणणाऱ्या बाईची खूण याच चौकोनात पडणार. तिचे दुर्लक्ष नाही. तिने पुरते लक्ष देऊन, हिशेब करून, खोकला मागे ठेवला आहे. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. सापडलेल्या रोग्यांपैकी सुमारे ४३ टक्के केवळ एक्स-रेमुळे सापडले; लक्षणे विचारून ते सापडले नसते. म्हणजे ज्याला काहीच होत नाही असे वाटते, त्यालाही तपासायला हवे. आणि ज्याला काही होत नाही त्याने दिवस का बुडवावा? येथे शास्त्राचा आणि पोटाचा हिशेब एकमेकांना छेद देतो.

अज्ञानाचे उत्तर किती जुने आणि किती पोकळ आहे, हे १९६३ सालीच सिद्ध झाले होते. बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत अभ्यास केला. खेडूत अडाणी, त्याला रोग कळत नाही, अशी तेव्हाही समजूत होती. त्यांना आढळले ते उलटे. रोग्यांपैकी बहुसंख्यांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि निम्म्याहून अधिक जण सरकारी दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले होते. रोगी दारात आला होता. दारानेच त्याला ओळखले नाही. जो एकदा असा बाटली घेऊन परतला, तो दुसऱ्यांदा मजुरी बुडवून का येईल? तपासणीचा निर्णय मागच्या अनुभवावर ठरतो, हा त्या अभ्यासाचा धडा साठ वर्षांनंतरही आपण गिरवलेला नाही.

आता पोटाचा हिशेब पाहू. विटाभट्टीवरची मजुरी रोजाची नसते, हजारी असते. हजार विटांमागे अमुक रुपये. नवरा, बायको आणि वाढती पोरे मिळून विटा पाडतात; पैसे कुटुंबाच्या नावावर लागतात. त्यातला एक माणूस दुपारभर दवाखान्यात गेला तर एकाची नाही, साऱ्या जोडीची दुपार मोडते. कारण माती कालवणारा नसला तर विटा पाडणारी बसून राहते. शिवाय गावी असतानाच ठेकेदाराकडून उचल घेतलेली असते. हंगामभर ती उचल फिटत राहते. क्षय निघाला, हे ठेकेदाराला कळले तर तो दोनपैकी एक गोष्ट करतो: कामावरून काढतो, किंवा पुढच्या वर्षी उचल देत नाही. त्या शिबिरात ठेकेदार आमच्या टेबलाजवळच उभा होता. "आटपा ना जी लवकर, दिवस चालला," असे तो मला तीनदा म्हणाला. तो समोर असताना कोण आपल्या छातीतले गुपित डबीत टाकून देईल?

ही भीती भट्टीपुरती नाही. आखाती देशांत मजुरीला जाणाऱ्याला आधी वैद्यकीय दाखला काढावा लागतो. एक्स-रेत जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचा नुसता डाग दिसला तरी तो 'अनफिट' ठरू शकतो. मग घर गहाण टाकून दलालाला दिलेले पैसे बुडतात. ब्रिटनने २०१२ पासून क्षयाचे प्रमाण अधिक असलेल्या देशांतून सहा महिन्यांहून अधिक काळ राहायला येणाऱ्यांना व्हिसाआधी तपासणी सक्तीची केली. पण तिथे रोग निघाला तर उपचार करून पुन्हा अर्ज करता येतो. या दोन पद्धतींत मोठा फरक आहे. एकीकडे तपासणी म्हणजे दार बंद करण्याचे हत्यार. दुसरीकडे निदान दार उशिरा का होईना उघडण्याची सोय. स्थलांतरित माणूस तपासणीला जाताना मनाशी हाच प्रश्न विचारतो: यानंतर मला काढून टाकतील की बरे करतील?

सत्तेने तपासणीचा हात कसा चालवला, याची आठवणही लोकांच्या मनात असते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरात शिरून झडत्या, माणसे ओढून छावणीत नेणे, सामान जाळणे. या जाचापुढे माणसे रोग लपवू लागली, प्रेते लपवू लागली, शहर सोडून पळाली. त्याच काळात पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगग्रस्तांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारने माणसे फरफटत नेली. सावित्रीबाईंनी पाठीवर नेली. रोग एकच, पण एका हातापासून लोक पळाले आणि दुसऱ्या हातात लोकांनी आपले मूल दिले. २०२० साली करोनाच्या काळात आपल्याच राज्यात लोकांच्या हातावर शाईचे शिक्के मारले गेले. त्याच वर्षी टाळेबंदीत मजुरांचे तांडे नागपूर-जबलपूर रस्त्याने उन्हात चालत होते. कन्हानच्या पुलावरून ते जाताना मी पाहिले आहेत. त्या पायांना आठवण असते.

यापुढचे कारण मला घरातून ठाऊक आहे. माझे वडील एका कोळसा खाणीत लोडर होते. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ठेकेदाराच्या हाताखालून निघून त्यांचे नाव हजेरीपटावर चढले. पुढल्या वर्षी त्यांना खोकला लागला. थुंकीत रक्त पडले की ते पायाने मातीत मिसळून टाकीत. दवाखान्यात गेले तर अनफिट ठरू, नुकते चढलेले नाव कटेल, ही त्यांची भीती. ते तपासणीला गेले तेव्हा वर्ष उलटले होते. तेव्हा सुयांचा उपचार महिनोन्‌महिने चाले. १९७६ च्या पावसाळ्यात ते गेले. त्या दोन वर्षांतली एक गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती. धम्मदीक्षेनंतर आमच्या घराने कोणाचा विटाळ मानायचा नाही असे ठरवले होते. त्याच घरात वडिलांचा पेला वेगळा झाला. आईने तो चुलीमागे ठेवला होता. पेल्याने क्षय पसरत नाही, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. पण वडिलांना तो पेला कळला. ज्याने आयुष्यभर हॉटेलातली वेगळी कपबशी सोसली, त्याला शेवटी घरातही वेगळा पेला मिळाला.

म्हणून मी म्हणतो, दलित रोग्याला क्षयाचा कलंक दुहेरी लागतो. सवर्णाला क्षय झाला तर तो पहिल्यांदा अस्पृश्यता अनुभवतो; आपल्या माणसाला झाला तर जुनी अस्पृश्यता नव्या नावाने परत येते. बाईच्या वाट्याला तिसरा पदरही येतो: तरुण मुलीचे लग्न मोडते, सुनेला माहेरी धाडतात. तपासणी टाळण्यामागे हे सगळे असते. त्याला अज्ञान म्हणणे हा अपमान आहे.

समजा, मजुराने धीर करून डबी दिली. रोग निघाला. पुढे काय? हंगाम आठ महिन्यांचा, औषध सहा महिन्यांचे. जानेवारीत निदान झाले तर जूनपर्यंत कोर्स चालेल आणि मधेच मालक भट्टी बदलेल किंवा पाऊस लवकर येईल. सरकारच्या नि-क्षय नोंदणीत रोग्याला एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येते; ही सोय चांगली आहे. पण ती रोग्याला सांगावी लागते, त्याच्या भाषेत सांगावी लागते. एप्रिल २०१८ पासून क्षयरोग्याला पोषणासाठी महिना ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. ते बँक खात्यात जमा होतात. ज्याचे खाते गावी, पासबुक सासऱ्याकडे, आधारवरचा मोबाइल क्रमांक हरवलेला, त्याच्यासाठी ते पैसे कागदावरच राहतात. २०२४ च्या मार्चमध्ये औषधांचा पुरवठा लांबल्यामुळे केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितले होते. ज्याला एकदा 'औषध संपले, पुढल्या आठवड्यात या' असे ऐकावे लागले, तो शेजाऱ्याला तपासणीचा सल्ला देत नाही. मजुरांच्या वस्तीत बातमी पत्रकाने पसरत नाही, अनुभवाने पसरते.

पोषणाचा मुद्दा मी मुद्दाम काढला. झारखंडात २०१९ नंतर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना दर महिन्याला धान्य, डाळ असा शिधा दिला, तेव्हा त्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि सांसर्गिक क्षयाचे ४८ टक्क्यांनी घटले. म्हणजे क्षय हा जंतूचा रोग आहे तसा भुकेचाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे २६ टक्के भारतात होते. हा देश २०२५ पर्यंत क्षय संपवायला निघाला होता. भूक ठेवून क्षय संपत नाही.

मग जबाबदारी कोणाची? बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणींत उतरून मजुरांची स्थिती पाहून आले. लगेच १९४४ च्या आरंभी कोळसा खाण मजूर कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. मजुराचे आरोग्य ही मालकाची मेहेरबानी नाही, उत्पादनावरचा बोजा आहे, हा त्यामागचा विचार. १९५५ च्या खाण नियमांत कामगाराची ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी आली. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर फुकट वैद्यकीय सोयीचे बंधन घातले. त्या कायद्याच्या जागी आणण्यासाठी २०२० साली संसदेने नवी संहिता मंजूर केली. कायदे आहेत. पण हजेरीपटावर नाव असलेल्याला तपासणीसाठी भरपगारी वेळ मिळतो आणि विटा पाडणाऱ्याला आपली दुपार विकून तपासावे लागते. एकाच नदीच्या काठी दोन कायदे चालतात.

काय केल्याने माणसे तपासणीला येतात, हेही मी पाहिले आहे. पुढच्या खेपेला आम्ही दुपारऐवजी दिवेलागणीला गेलो. ठेकेदाराला येऊ नका, असे सांगितले. बायकांशी बोलायला बाई नेली. आणि सर्वांत महत्त्वाचे, पूर्वी क्षय होऊन बरा झालेला, छत्तीसगडी बोलणारा एक मजूर बरोबर घेतला. तो म्हणाला, मला झाला होता, मी बरा झालो, मी याच भट्टीवर विटा पाडतो. माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा त्याचा खांदा अधिक बोलला. त्या रात्री मीठ ठेवणारी बाई स्वतः दुसरी डबी मागायला आली. तिच्या थुंकीत काही निघाले नाही. तिच्या दिराच्या निघाले. तो आता औषध घेतो. त्याचे नाव आम्ही ठेकेदाराला सांगितलेले नाही.

शेवटी एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगायची आहे. आमच्या वस्तीत मी ऐकतो, 'हे छत्तीसगडी लोक रोग आणतात.' शिबिर वस्तीतल्या समाजमंदिरात घेऊ या, असे मी सुचवले तेव्हा आपलीच काही माणसे गप्प बसली. एकजण म्हणाला, "काहून आणता बापा त्यायले इथं?" हे वाक्य मला माझ्या वडिलांच्या पेल्यासारखे लागले.

कन्हानच्या काठी बाबू हरदास एल. एन. यांची समाधी आहे. 'जय भीम' हे अभिवादन ज्यांनी रुजवले, विडी कामगारांना ज्यांनी संघटित केले, १९३७ साली जे कायदेमंडळावर निवडून गेले, ते बाबू हरदास १२ जानेवारी १९३९ रोजी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी गेले. ते क्षयाने गेले. दरवर्षी त्या दिवशी आपण समाधीवर फुले वाहतो. तिथून भट्ट्यांचा धूर काही दूर नाही. ज्या रोगाने आपला नेता नेला, त्याच रोगाच्या भीतीने तिथे कोणी तरी आज थुंकी मातीत मिसळत असेल. त्याच्याशी आपण जय भीम म्हणून बोललो आणि त्याने जय सतनाम म्हणून उत्तर दिले, तर डबी भरून परत येण्याची शक्यता आहे. पुढच्या १२ जानेवारीला शिबिर समाधीजवळ, दिवेलागणीनंतर घ्यावे, असा माझा प्रस्ताव आहे. नावे लिहून घ्यायला मी येईन.